बोचणारी जागा

अनिता हे नाव घेताना जीभ दोनदा वरच्या दातांमागे टेकते, हे रंभाबाईला दात गेल्यावर कळलं. वीस वर्षं दिवसातून पन्नासदा ती नातीला हाक मारत आली होती, पण त्या नावात एवढी कलाकुसर असेल असं तिच्या कधी मनात आलं नव्हतं. आता नवे दात आले होते. वर चौदा, खाली चौदा, गुलाबी हिरड्यांसकट. आणि आज सकाळी मोरीपाशी बसून तिनं ते नाव मोठ्यानं घेतलं, तर खालच्या जबड्यात डाव्या बाजूला अशी कळ गेली की हातातला तांब्या फरशीवर आपटला. आतून सून मैना ओरडली, "काय पडलं आये?" "काय नाय, तांब्या," ती म्हणाली, आणि तांब्यातला त सुद्धा तिला भोवला. ती तिथंच तोंडावर पदर धरून बसून राहिली. कळ ओसरायची वाट बघताना तिनं बोटं मोजली. लग्नाला सोळा दिवस उरले होते आणि हळदीला पंधरा.

हळदीशीच तिला काम होतं. रंभाबाई धवलारीण होती. भटजीच्या अक्षता दुसऱ्या दिवशी, त्याच्या आधी मांडवात बसून धवले म्हणायचे आणि गाण्यातून नवरा-नवरीला देवासमोर उभं करायचं, हे तिचं काम. डोळखांबकडच्या पाड्यांवर अजूनही म्हातारी माणसं म्हणत, भटानं लावलं ते कागदावरचं, धवलारणीनं लावलं ते खरं. ती हे शिकली सकुबाईकडून, म्हणजे तिच्या आत्याकडून. सकुबाईची शाळा भाताच्या खाचरात भरायची. भातरोपांची आवणी चालू, पाय चिखलात, पाठ वाकलेली, आणि सकुबाई म्हणायची, घे नाव. रंभा नाव घ्यायची. "त्या पलीकडच्या बांधावर बाई हाय, तिला आयकू गेलं का?" नाही गेलं. "मंग देवाला कसं जाईल? देव तं डोंगरावर हाय." सकुबाईच्या धवल्यात नवरीचं नाव सात ठिकाणी यायचं. सातही ठिकाणी ते गोटा पाण्यात पडावा तसं पडलं पाहिजे. नाव फुटलं तं लगीन फुटलं, असं सकुबाई म्हणायची. नाव चुकलं तर देव भलत्याच पोरीला ओळखतो आणि खरी पोर आयुष्यभर अनोळखी राहते. रंभाबाईनं चाळीस वर्षांत किती पोरी ओळखीच्या करून दिल्या याचा हिशोब तिच्याकडे नव्हता, पण नाव एकही फुटलं नव्हतं. मग दात हलायला लागले. वर्षभरात एकामागून एक गेले, आणि उंबरमाळीच्या एका लग्नात नंदा नावाच्या मुलीची हळद लागत असताना तिच्या तोंडातून नुसता वारा निघाला. पुढं बसलेल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. पोरं मात्र खो खो हसली. त्यानंतर तिला कुणी बोलावलं नाही, आणि तिनंही कुणाला दोष दिला नाही.

शेखरनं, तिच्या मुलानं, दातांचा विषय काढला तो या सगळ्यानंतर दोन वर्षांनी. मुरबाडचा हरेश अनिताला बघायला आला होता तेव्हा त्याची आई रंभाबाईच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघत होती. पोहे खाताना रंभाबाईचे गाल आत जात, ओठ पुढं येत, आणि ती बाई बशीतले पोहे चिवडत बघत राही. त्याच आठवड्यात शेखर म्हणाला, "आये, तुला दात बसवून घेऊ. हरेशच्या घरच्यांच्या ओळखीची डॉक्टरीण हाय मुरबाडला." रंभाबाईच्या पोटात लख्ख उजाडलं. "अनिताच्या लग्नात पायजेत ना रं?" तिनं विचारलं. "हां मग. लग्नात नको का?" तो म्हणाला आणि पायात बूट चढवून स्टेशनला जायला निघाला. लग्नात नको का. पुढं कितीतरी दिवस ती हे तीन शब्द चघळत होती. जो मुलगा शाळेतून रडत यायचा, पोरं मला धवलारणीचा म्हणून चिडवतात, तू जाऊ नको गो कुणाच्या लग्नाला, म्हणून तिच्या लुगड्याला लोंबकळायचा, तोच आज म्हणत होता, लग्नात नको का. माणूस बदलतो, त्याला वेळ द्यावा लागतो. ती स्वतःवरच खूश होती, की आपण वेळ दिला.

तसा तो आधीच बदललाय याची खूण तिला मिळाली होती. दात पुरते जाण्याआधी, वैशाखरे गावी तिच्या चुलतदिराच्या मुलीचं, सावळीचं लग्न होतं. शेखर कंपनीतल्या कुणाचा तरी टेपरेकॉर्डर घेऊन आला होता. मांडवात तिच्या शेजारी मांडी घालून बसला. जन्मात पहिल्यांदा. लाल बटण दाबून धरायचा, कॅसेट संपली की फिरवून घालायचा, आणि ती दम घ्यायला थांबली की हळूच म्हणायचा, "आये, अजून म्हण. थांबू नको. तुझा आवाज राह्यला पायजे." तुझा आवाज राह्यला पायजे! तिनं त्या दिवशी ठेवणीतले धवले काढले. सकुबाईनं मरताना दिलेले, कुठंच न म्हटलेले. सावळीचं नाव सातच्या जागी अकरा वेळा घेतलं, कारण मुलगा ऐकत होता. घसा बसला, पण परतताना जीपमध्ये शेखरनं तिला खिडकीची जागा दिली, आणि ती कॅसेट मांडीवर रुमालात गुंडाळून घेऊन बसला. रंभाबाईला वाटलं होतं, आपल्या पोरानं आपल्याला जपून ठेवलं. अजून ती जीप आठवली की तिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

तर आता हे दात बोचत होते. चार दिवस तिनं कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाली होती, रोज मोठ्यानं पेपर वाचा म्हणजे बोलायची सवय होईल. पेपर वाचता येत नव्हता म्हणून तिनं धवले धरले. स शिट्टी मारायचा, च घसरायचा, पण न आणि त हळूहळू जागेवर यायला लागले होते, आणि नेमकं तेव्हाच हे. दात काढावेत तर सराव बुडतो, ठेवावेत तर जीव जातो. भाकरी दुधात कुस्करून गिळावी तरी डोळ्यांत पाणी. शेवटी अनितानंच पकडलं. तिला पायरीवर उजेडात बसवून, हनुवटी धरून तोंडात बघितलं. "आजे! पांढरा चट्टा पडलाय मोठा. केवढं लाल झालंय भोवती." मग म्हणाली, "माझ्यासाठी करतेस ना हे?" रंभाबाईला तोंड मिटता येत नव्हतं, ती नुसती हसली. ही पोर लहानपणी तिच्याबरोबर लग्नालग्नांत हिंडलेली. धवले चालू असताना मांडीवर डोकं ठेवून पडायची आणि दुसऱ्या पोरींची नावं ऐकून विचारायची, माझं नाव कधी घेशील गो? तुझ्या हळदीला. नीट घेशील ना? सगळ्यांत नीट. हा सौदा पंधरा वर्षं जुना होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं त्या दोघी मुरबाडला गेल्या. डॉक्टरीण तिशीतली, चष्म्याची, कडक. "दात कुठायत?" तिनं विचारलं. "घरी. डब्यात." "घरी?" "बोचत होते म्हणून काढून ठेवले." डॉक्टरणीनं चष्मा कपाळावर घेतला. "आजी, चप्पल लागते म्हणून चांभाराकडे जाता, तेव्हा चप्पल घरी ठेवून जाता का?" अनिता फिस्सकन हसली, रंभाबाईही हसली, पण मनातून ओशाळली. शहापूरहून इथवर येऊन मुख्य गोष्टच विसरावी! मग डॉक्टरणीनं आरशाची दांडी घालून जखम बघितली आणि सगळं नीट सांगितलं. चार दिवस दात अजिबात घालायचे नाहीत. कोमट पाण्यात मीठ टाकून दिवसातून चार-पाचदा चुळा. तिखट बंद. हे मलम जेवणानंतर. रात्री झोपताना दात पाण्यात, कधीच तोंडात नाही, जखम नसली तरी. "आणि माझ्याकडे यायच्या आदल्या दिवशी दात घालायचे. दिवसभर."

"म्हंजे परत जखम व्हईल ना?"

"व्हायलाच पाहिजे. जखम दिसली तर मला कळतं, दात कुठं घासायचा. तुम्ही बरं तोंड घेऊन आलात तर मी काय घासू? बाहेरून सगळी बाजू सारखीच दिसते."

हे रंभाबाईला फार पटलं. येताना एसटीत ती तेच घोळवत होती. दुखतंय कुठं ते दाखवायला लागतं, दाखवलं नाही तर समोरच्याला काय कळणार. तिनं तर आयुष्यभर उलटंच केलं होतं. नवरा गेला तेव्हा शेखर सात वर्षांचा. तिनं पोरासमोर डोळ्यांत पाणी आणलं नाही. उंबरमाळीहून परतली त्या संध्याकाळी मैनेनं विचारलं, कसं झालं लगीन? बरं झालं, ती म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली. बसच्या खिडकीतून ऊन येत होतं. अनिता खांद्यावर डोकं टाकून झोपली होती.

मग ते जखम बरी करायचे दिवस. अनितानं शेजारच्या अंगणातून जाईचा पाला आणला. दात असते तर चावून थुंकला असता. आता खलबत्त्यात कुटून त्याची गोळी गालात धरायची. कडू तुरट पाणी घशात उतरायचं. मिठाच्या चुळांनी सुरुवातीला आग व्हायची, मग नुसती चुणचुण, मग तीही नाही. जीभ दर घटकेला त्या जागेवर जाऊन यायची. पहिल्या दिवशी खड्डा, दुसऱ्या दिवशी खरखर, चौथ्या दिवशी ओलं रेशीम. घरात लग्नाची घाई होती, मैना साड्यांच्या पिशव्या मोकळ्या करत होती, शेखर फोन करायला नाक्यावरच्या बूथवर सारखा ये-जा करत होता, आणि या सगळ्यात एक म्हातारी कोपऱ्यात बसून आपल्या हिरडीवर कातडं धरतंय का ते पाहत होती. तिला स्वतःचं हसू यायचं. पण खरं सांगायचं तर इतका आनंद तिला वर्षानुवर्षांत झाला नव्हता. आपली कुणाला तरी गरज आहे, आणि त्या दिवसासाठी आपण तयार होतोय. पाचव्या दिवशी तिनं सकाळीच दात घातले. दिवसभर धवले म्हटले. दुपारपर्यंत बरी झालेली जागा पुन्हा फाटली, संध्याकाळी तोंडात रक्ताची चव आली, तरी दात काढले नाहीत. दुसऱ्या दिवशी डॉक्टरणीनं तोंड उघडून बघितलं आणि पहिल्यांदाच म्हणाली, "शाब्बास, आजी." तिनं जांभळी पेन्सिल ओली करून जखमेच्या कडेला टेकवली, वरून दात दाबून बसवले, काढले. गुलाबी कडेवर जांभळा ठिपका उमटला होता. "सापडलं," ती म्हणाली, आणि मशीन लावून तेवढीच जागा घासली. गुलाबी पीठ उडालं. रंभाबाई त्या ठिपक्याकडे बघत राहिली. एवढीशी जागा, आणि दहा दिवस सगळ्या जिवाला धरून होती.

हळदीच्या आदल्या दिवशी जीभ फिरवली तर आत गुळगुळीत होतं. दात घालून तिनं नाव घेतलं. अनिता. काही बोचलं नाही. पुन्हा घेतलं. न टेकला, त टेकला. पलीकडच्या बांधावरच्या बाईला गेलं असतं.

हळदीच्या दिवशी दोन खोल्यांपुढच्या रस्त्यावर मांडव पडला. खुर्च्या आल्या, साउंडचे दोन काळे डबे आले, शूटिंगवाला दिव्याची वायर ओढत फिरायला लागला. मुरबाडहून हरेशच्या घरची माणसं उष्टी हळद घेऊन येणार होती. रंभाबाईनं अंजिरी लुगडं नेसलं, कपाळभर कुंकू लावलं, चूळ भरली, दात घातले. मांडवात ती नेहमी जमिनीवर, नवरीच्या पाटाला लागून बसायची. आज शेखरनं तिला हाताला धरून पुढच्या रांगेतल्या खुर्चीत बसवलं. "आये, हितंच बस. उठायचं नाय." तिनं विचारलं, "पोरीला कवा आणताव पाटावर?" तो म्हणाला, "तिला आतच हळद लावतायत गो, बायका. हितं शूटिंगचं, पाहुण्यांचं." ती म्हणाली, मग मी आत जाते. "बस गो," तो म्हणाला. "तू फक्त बस. हस जरा." मुरबाडच्या बायका आल्या, हरेशची आई तिच्या शेजारच्या खुर्चीत बसली, तिच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "वा, किती छान दिसताय आता." शूटिंगवाल्यानं दिवा तिच्या डोळ्यांवर मारला. आणि तेवढ्यात काळ्या डब्यांतून कुणीतरी धवला उचलला.

पहिल्या क्षणी तिला वाटलं, दुसरी धवलारीण आणली. तरी कान म्हणाला, बाई चांगली आहे, गळा खणखणीत आहे, सकुबाईच्या वळणाचा आहे. मग तिनं श्वास ओळखला. ओळीच्या शेवटी घेतलेला तो आखूड श्वास तिचा होता. वैशाखऱ्याचा. मागं एक पोर रडत होतं, तेही तिला आठवलं. तिचे गेलेले दात डब्यांत बसून गात होते, आणि नवे दात इथं तोंडात गप्प होते. तरी, लाज वाटते सांगायला, क्षणभर तिला बरं वाटलं. केवढा मोठा आवाज! पार नाक्यापर्यंत जात असेल. मग नावाची जागा आली. डब्यांनी साऱ्या शहापूरला ऐकू जाईल असं नाव घेतलं. सावळी.

ती ताडकन उठली. कुणीच मान वळवली नव्हती. हरेशची आई पंख्यानं वारा घेत होती. पुरुष सरबत पीत होते. दुसरी जागा आली, पुन्हा सावळी, गोटा पाण्यात पडावा तसं. शेखर साउंडवाल्यापाशी उभा होता. ती गर्दीतून त्याच्यापर्यंत गेली.

"बंद कर रं. त्याच्यात सावळीचं नाव हाय."

"कोण आयकतंय, आये?" तो हसून म्हणाला. "बरं वाटतं जरा, आपली पद्धत म्हणून. मागं चालू राहूदे."

"मी हाय ना म्हणायला. बरी झाले मी. जखम भरली."

"तुला कशाला तरास? तास तास बसायचं, घसा फोडायचा. त्याच्यासाठीच तं भरून ठेवलं होतं तवा."

त्याच्यासाठीच. तिला जीप दिसली, खिडकी दिसली, रुमालात गुंडाळलेली कॅसेट दिसली. "मंग दात कशाला बसवलेस?" तिनं विचारलं. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. शेखरनं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "आता आये, त्यांच्याकडची माणसं शिकलेली. फोटोत, शूटिंगमधी बरं दिसायला नको का?" तो वाईट बोलत नव्हता. खांद्यावर हात ठेवून, समजुतीनं बोलत होता. याला कुणी रागवावं कसं? त्यानं तिला फसवलंही नव्हतं, तसं म्हटलं तर. लग्नात नको का, एवढंच म्हणाला होता, बाकीचं तिनंच गायलं होतं. पण फसवलंच. तिच्याच गळ्यानं तिला मांडवातून उठवलं, आणि ते करताना तिच्या मांडीला मांडी लावून बसला होता. अजून म्हण, थांबू नको. तिला त्या लाल बटणावरचं त्याचं बोट आठवलं.

ती आतल्या खोलीत गेली. अनिता पाटावर बसली होती, हातापायांना, गालांना हळद, भोवती मैत्रिणींचा गलका. खिडकी रस्त्यावर उघडत होती आणि मघापासून डब्यांतला आवाज थेट आत येत होता, पण ती उंबऱ्यात आली तेव्हा तो थांबला होता. आजीला बघून अनितानं मान वर केली. तिचे डोळे भरलेले होते, आणि रंभाबाईला वाटलं, पोरीला कळलं. एकाला तरी कळलं. ती खाली बसली, पाटाला लागून.

"आजे," अनिता हळू म्हणाली, "माइकवर गेलीस नि माझं नाव नाय घेतलंस तू."

 बाहेर डबे अजून दम घेत होते. कॅसेट फिरवायची वेळ झाली असावी.

"सावळीआत्याचं घेतलंस. दोनदा. मी म्हटलं चुकली असंल, पुढं घेईल. मी कान लावून बसले होते." हळदीच्या गालावरून पाण्याचा ओघळ खाली आला. "येवढे दिवस म्हणत होतीस, तं इसरलीस कशी?"

जखम दिसली तर कळतं कुठं घासायचं. एक वाक्य पुरलं असतं. तुझ्या बापाला विचार. कॅसेट हाय ती. एवढंच म्हटलं असतं, की पोर पाटावरून उठून हळदीच्या अंगानं मांडवात गेली असती. तिला ती ओळखत होती. मुरबाडच्या माणसांसमोर शेखरचं तोंड काय झालं असतं तेही दिसलं. सात वर्षांचं, शाळेतून रडत आलेलं तोंड. रंभाबाईनं जीभ डावीकडे नेली. तिथं काही नव्हतं, सगळं गुळगुळीत.

"इसरले गो," ती म्हणाली. "म्हातारी झाले. नावं ध्यानात राहत नायत."

अनितानं तिच्याकडे बघितलं. मग मनगटानं गाल पुसला आणि म्हणाली, "असू दे," थेट बापासारखं, समजुतीनं. आणि एका मैत्रिणीनं तिचा हात हळदीसाठी ओढून घेतला तशी तिकडं वळली. "आता घेते," असं रंभाबाई म्हणणार होती, पण पोर वळली होती. ती उठून मागच्या दारानं बाहेर पडली तशी कॅसेटची दुसरी बाजू लागली, आणि डब्यांतला तिचा आवाज तिच्यापेक्षा मोठा झाला. सावळी, सावळी. सातच्या जागी अकरा. ती मोरीपाशी गेली. तिथं तांब्या होता, पाण्यानं भरलेला. भिंतीकडे तोंड करून तिनं नाव घेतलं. अनिता. काहीच बोचलं नाही. न जागेवर पडला आणि त अगदी स्वच्छ आला.